वाचकांचे प्रश्न : नोंद न झालेल्या कसरती

विमानांच्या हवाई कसरतींविषयीचा लेख मागील अंकात प्रसिद्ध झाल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच चित्रफितीविषयी आहेत. आठ इंजिनांचे एक अवाढव्य बॉम्बफेकी विमान नियंत्रण मनोऱ्याभोवती वळता वळता एका पंखावर उभे राहते आणि क्षणार्धात जमिनीवर आदळते, अशी ती काही सेकंदांची चित्रफीत अनेकांनी मोबाइलवर पाहिली आहे. तिच्यामागची हकिकत मात्र फारशा कोणाला ठाऊक नाही, असे पत्रांवरून दिसते. म्हणून या वेळचे सदर त्या घटनेला आणि तिच्या अनुषंगाने आलेल्या प्रश्नांना दिले आहे.

प्रश्न : ही चित्रफीत खरी आहे का? विमानात बिघाड झाला होता, की वैमानिकाचा अंदाज चुकला? एवढे मोठे विमान इतक्या खालून कोणी असे का वळवील? (एक वाचक, पुणे)

उत्तर : चित्रफीत खरी आहे. ती २४ जून १९९४ रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, स्पोकेन शहराजवळच्या फेअरचाइल्ड हवाई तळावर घेतलेली आहे. विमान बी-५२ एच जातीचे होते. त्याच्या पंखांचा विस्तार ५६ मीटरांहून अधिक असतो आणि इंधन व शस्त्रे नसतानाही त्याचे वजन ८० टनांपुढे जाते. हजारो किलोमीटर दूर जाऊन बॉम्ब टाकून परत येण्यासाठी हे विमान बनवलेले आहे. लढाऊ विमानासारखे गिरक्या घेण्यासाठी ते बनवलेले नाही.

तळावर लवकरच हवाई प्रदर्शन व्हायचे होते आणि त्याची तालीम चालू होती. विमानात चार अधिकारी होते. मुख्य वैमानिक लेफ्टनंट कर्नल आर्थर ऊर्फ 'बड' हॉलंड यांच्या गाठीशी पाच हजारांहून अधिक तासांच्या उड्डाणाचा अनुभव होता. सहवैमानिकाच्या जागेवर ३२५ व्या बॉम्ब स्क्वाड्रनचे, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या तुकडीचे, प्रमुख लेफ्टनंट कर्नल मार्क मॅक्गीहन होते. ही तुकडी ज्या मोठ्या पथकात होती त्या विंगचे उपप्रमुख कर्नल रॉबर्ट वुल्फ सुरक्षा निरीक्षक म्हणून बसले होते आणि खालच्या मजल्यावर रडार नॅव्हिगेटर म्हणून लेफ्टनंट कर्नल केन ह्यूस्टन होते. वुल्फ यांचे हे निवृत्तीपूर्वीचे अखेरचे उड्डाण होते. ते उतरल्यावर प्रथेप्रमाणे त्यांचे स्वागत करण्यासाठी त्यांच्या पत्नी आणि स्नेही विमानतळावर येऊन थांबले होते. मॅक्गीहन यांच्या पत्नी आणि दोन धाकटी मुले जवळच्याच वसाहतीतून उड्डाण पाहत होती.

दुपारी १ वाजून ५८ मिनिटांनी विमानाने उड्डाण केले. जमिनीलगतच्या फेऱ्या, तीव्र वळणे आणि नाक वर करून घेतलेली चढण असा क्रम पार पडल्यावर ते धावपट्टीकडे आले. धावपट्टीवर इंधनवाहू विमान असल्यामुळे त्यांना न उतरता पुढे जाण्यास सांगण्यात आले. तेव्हा हॉलंड यांनी मनोऱ्याभोवती डावीकडून पूर्ण वर्तुळाकार वळण घेण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. विमान जमिनीपासून सुमारे २५० फुटांवर होते. वळण चालू असताना विमानाचा एका बाजूचा कल ६० अंशांच्या पुढे गेला, वेग घटत घटत १४५ नॉटच्या (ताशी सुमारे २७० किलोमीटरच्या) आसपास आला, विमान जवळजवळ ९० अंशांत उभे राहिले आणि २ वाजून १६ मिनिटांनी जमिनीवर आदळले. मॅक्गीहन यांनी बाहेर पडण्यासाठी इजेक्शन सीट चालवली होती, पण ती विमानाबाहेर पुरती पडण्याआधीच जमीन आली. चौघेही मृत्युमुखी पडले.

चौकशीत विमानात दोष आढळला नाही. 'अंदाज चुकला' असे म्हणणेही मला पुरेसे वाटत नाही. जो माणूस एकदाच चुकतो त्याच्याविषयी असे म्हणता येते. हॉलंड हेच तीन वर्षे करत होते, आणि ते पाहणाऱ्यांत तळावरील वरिष्ठ अधिकारीही होते.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. इंजिने तर आठ होती आणि ती चालूही होती. वेग कमी होतो आहे हे दिसल्यावर शक्ती वाढवून विमान सावरता आले नसते का? (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : आपला प्रश्न अगदी नेमका आहे. विमान सरळ उडते तेव्हा पंखांना मिळणारी उचल पूर्णपणे वरच्या दिशेने असते आणि ती वजन तोलते. विमान कलंडले की तीच उचल तिरकी होते. तिचा एक भाग विमानाला वळवतो आणि उरलेला भागच वजन पेलण्यासाठी शिल्लक राहतो. उंची टिकवायची तर एकूण उचल वाढवावी लागते, म्हणजे पंखांवरचा भार वाढतो. ४५ अंशांच्या कलात हा भार वजनाच्या १.४ पट होतो, ६० अंशांत दुप्पट आणि ७५ अंशांत जवळजवळ चौपट. यामुळे पंखांवरील हवेचा प्रवाह ज्या वेगाला सुटतो, म्हणजेच विमान 'स्टॉल' होते, तो वेगही वाढत जातो. ६० अंशांच्या कलात तो सरळ उड्डाणातील स्टॉलच्या वेगाच्या सुमारे १.४ पट असतो. त्या दिवशी विमानाच्या स्थितीनुसार ६० अंशांना हा वेग साधारण १४७ नॉट येत होता. विमानाचा वेग त्याखाली गेला आणि कल मात्र त्यानंतरही वाढतच राहिला. ९० अंशांत तर पंखांची सारी उचल आडवी होते. वजन तोलायला काहीच उरत नाही.

आता इंजिनांविषयी. हॉलंड यांनी शक्ती वाढवली होती, पण वळण सुरू केल्यानंतर. या जुन्या जेट इंजिनांना कमी शक्तीवरून पूर्ण शक्तीवर यायला सुमारे आठ सेकंद लागतात आणि २५० फुटांवर आठ सेकंद हा फार मोठा काळ आहे. याशिवाय या विमानाची एक खासियत आहे. बी-५२ एच च्या पंखांना एलेरॉन, म्हणजे विमान कलवण्यासाठी पंखांच्या मागच्या काठावर असणाऱ्या हलत्या पट्ट्या, नाहीत. विमान एका बाजूला कलवायचे किंवा कलंडलेले सरळ करायचे, तर पंखावरच्या 'स्पॉइलर' नावाच्या पट्ट्या वर उचलून त्या पंखाची उचल कमी करावी लागते. म्हणजे डावीकडे कलंडलेले विमान सरळ करायचे तर उजव्या, वरच्या पंखाची उचल कमी करणे आले, आणि नेमकी तेव्हा दोन्ही पंख मिळूनही उचल अपुरी होती. शिवाय अर्ध्या पंखविस्ताराची लांबी सुमारे ९० फूट भरते. विमान उभे राहिले की खालच्या पंखाचे टोक विमानाच्या मध्यापासून ९० फूट खाली, जमिनीजवळ गेलेले असते. उरलेल्या उंचीत नाक खाली करून वेग मिळवायला जागाच नव्हती. हे सगळे हॉलंड यांना ठाऊक होते, नव्हे, ते इतरांना शिकवण्याचे त्यांचे कामच होते.

प्रश्न : लष्करात शिस्त असते असे आपण मानतो. इतके नियम मोडणाऱ्या माणसाला कोणी थांबवले कसे नाही? (एक शिक्षिका, सांगली)

उत्तर : आपल्या पत्रातील हाच प्रश्न मला या प्रकरणाचा गाभा वाटतो, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

हॉलंड कोण होते, हे आधी पाहू. ९२ व्या बॉम्ब विंगमधील वैमानिकांच्या उड्डाणाचा दर्जा तपासणाऱ्या शाखेचे ते प्रमुख होते. नियम सर्वांनी सारखे पाळले पाहिजेत, हे पाहण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. त्यामुळे त्यांनी नियम मोडला की पाहणाऱ्या तरुण वैमानिकाला दोनच अर्थ काढता येत: एक तर तो नियम खरा नाही, किंवा तो थोरांसाठी नाही. त्यांचे अनुकरण करू पाहणारे वैमानिक तयार झाले, यात मला नवल वाटत नाही.

मे १९९१ मध्ये फेअरचाइल्डच्या हवाई प्रदर्शनात त्यांनी कलाची आणि नाक वर करण्याची मर्यादा ओलांडली आणि प्रेक्षकांच्या डोक्यांवरून विमान नेले. काहीही झाले नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये स्क्वाड्रनचे प्रमुखपद एकाकडून दुसऱ्याकडे सोपवण्याचा समारंभ होता. त्या समारंभावरून त्यांनी शंभर फुटांहून कमी उंचीवरून, ४५ अंशांहून अधिक कलंडवून विमान नेले. समारंभाला जमलेल्या अधिकाऱ्यांच्या साक्षीनेच हे घडले. तेव्हाही कारवाई झाली नाही. मे १९९२ च्या प्रदर्शनात तीव्र वळणांबरोबरच नाक जवळजवळ उभे करून चढण झाली. एप्रिल १९९३ मध्ये पॅसिफिक महासागरातील गुआम बेटाजवळच्या सरावक्षेत्रावर खरे बॉम्ब टाकण्याच्या मोहिमेत त्यांनी दुसऱ्या विमानाच्या नियमाबाह्य जवळ उड्डाण केले आणि आपल्या एका सहकाऱ्याला विमान उडत असताना बॉम्बच्या कप्प्यात पाठवून बॉम्ब सुटतानाचे चित्रीकरण करवले. ऑगस्ट १९९३ मध्ये पुन्हा प्रदर्शन झाले. त्यात चढण इतकी उभी होती की पंखांच्या वरच्या बाजूच्या वायुछिद्रांतून इंधन बाहेर वाहू लागले आणि ते खालून लोकांना दिसले.

मार्च १९९४ मधील, वॉशिंग्टन राज्यातल्याच याकिमा सरावक्षेत्रावरचे उड्डाण मात्र प्रेक्षकांसाठी नव्हते, छायाचित्रणासाठी होते. किमान उंची ५०० फूट ठरलेली होती. विमान एका डोंगरधारेवरून सुमारे ३० फुटांवरून गेले. पुढच्या फेऱ्यांत ते इतके खाली आले की धारेवर उभे असलेल्या छायाचित्रकारांनी काम सोडून आडोसा घेतला. विमानातील सहकारी 'वर घ्या, वर घ्या' म्हणून ओरडत होते. शेवटी सहवैमानिकाने दांडा हाती घेऊन विमान वर खेचले, नाही तर ते धारेला धडकले असते, असे चौकशीत नोंदवले गेले. हॉलंड यांनी हा सगळा प्रकार हसण्यावारी नेला. यानंतर त्या उड्डाणातील सहकाऱ्यांनी त्यांच्याबरोबर पुन्हा उडायचे नाही असे ठरवले आणि तसे आपल्या वरिष्ठांना सांगितले.

मॅक्गीहन त्या स्क्वाड्रनचे प्रमुख होते. त्यांनी उड्डाण विभागाचे प्रमुख कर्नल विल्यम पेलेरिन यांच्याकडे जाऊन हॉलंड यांना उड्डाणातून दूर करावे अशी शिफारस केली. पेलेरिन यांनी हॉलंड यांच्याशी बोलून तोंडी समज दिली. त्या समजेची कोठेही लेखी नोंद केली नाही, आपल्या वरिष्ठांना कळवले नाही आणि शिफारस फेटाळली.

मला सर्वांत अधिक सलते ती ही न झालेली लेखी नोंद. त्या तीन वर्षांत तळावर विंगचे प्रमुख, उड्डाण विभागाचे प्रमुख आणि स्क्वाड्रनचे प्रमुख वारंवार बदलले. जो नवा येई त्याच्यासमोर हॉलंड यांचा कागद कोरा असे. आधीच्याने पाहिलेले त्याच्याबरोबर बदलीच्या गावी गेलेले असे. त्यामुळे पाचवे उल्लंघनही नव्या अधिकाऱ्याला पहिलेच वाटे आणि पहिल्यासाठी तोंडी समज पुरे, असा विचार करून प्रत्येक जण आपल्यापुरते समाधान मानी. घाटात एसटी पळवणाऱ्या चालकाचे आपल्याकडे जसे प्रवासीच कौतुक करतात, तसे हॉलंड यांच्याविषयी 'बी-५२ चालवावे तर यांनीच' असे बोलले जाई. या कौतुकाने कागदाची गरज कोणाला जाणवू दिली नाही, असे मला वाटते.

शेवटच्या प्रदर्शनाच्या तयारीतही हेच घडले. जूनच्या मध्यास विंगचे प्रमुख कर्नल विल्यम ब्रूक्स यांनी ४५ अंशांपलीकडे कल आणि २५ अंशांपलीकडे नाक वर करायचे नाही, असे स्पष्ट बजावले होते. १७ जूनच्या तालमीत हॉलंड यांनी दोन्ही मर्यादा ओलांडल्या. त्या दिवशी पेलेरिन स्वतः विमानात होते. त्यांनी वरिष्ठांना कळवले, ते सर्व ठीक आणि सुरक्षित असल्याचे. पुढे २० जूनला तळावरील रुग्णालयात एका माजी कर्मचाऱ्याने गोळीबार करून चौघांचा बळी घेतला. सारा तळ शोकात होता आणि त्या अवस्थेतच २४ जूनची तालीम झाली.

नंतर पेलेरिन यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला. कर्तव्यात कसूर केल्याचे त्यांनी मान्य केले आणि १९९५ मध्ये त्यांना साडेसात हजार डॉलरचा दंड व लेखी ताशेरा अशी शिक्षा झाली. चार माणसांच्या जिवापुढे ही शिक्षा मला फारच तोकडी वाटते. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की त्या ताशेऱ्याच्या निमित्ताने या साऱ्या प्रकरणात प्रथमच एका वरिष्ठाच्या नावावर काहीतरी लेखी चढले.

प्रश्न : मी लष्करातून निवृत्त झालो आहे. मॅक्गीहन यांना धोका कळला होता, तर त्याच विमानात ते बसले कसे? हाताखालच्या माणसांना बसू न देता स्वतः बसणे हे शौर्य म्हणायचे की हतबलता? (एक निवृत्त सुभेदार, देवळाली कॅम्प)

उत्तर : सुभेदारसाहेब, हा प्रश्न सेवेत राहिलेल्या माणसालाच सुचावा असा आहे.

शिफारस फेटाळली गेल्यावर मॅक्गीहन यांनी ठरवले की यापुढे हॉलंड मुख्य वैमानिक असतील त्या प्रत्येक उड्डाणात सहवैमानिकाच्या जागी आपण बसायचे. आपल्या स्क्वाड्रनमधील कोणाही तरुणाला त्या आसनावर पाठवायचे नाही. हा निर्णय त्यांनी शेवटपर्यंत पाळला. त्यांच्यात आणि हॉलंड यांच्यात त्यानंतर उघड कटुता होती, तरीही पाळला. हाताखालच्या माणसांच्या आणि धोक्याच्या मध्ये स्वतः उभे राहणे, याला मी शौर्यच म्हणेन आणि ते म्हणताना माझ्या मनात कोणताही किंतु नाही.

पण त्या निर्णयाने जे साधले नाही, तेही सांगितले पाहिजे. सहवैमानिक विमान आपल्या ताब्यात घेऊ शकतो; याकिमाला तसे घडले होते. तेथे विमान वेगात होते, म्हणून दांडा मागे घेताच ते वर आले. फेअरचाइल्डला वेगही नव्हता आणि उंचीही नव्हती. विमान सावरण्याच्या पलीकडे गेल्याचे दिसल्यानंतर मॅक्गीहन यांच्या हाती फक्त इजेक्शन सीटची मूठ उरली होती. दुसरे असे की एक जबाबदार, सावध अधिकारी शेजारी बसतो आहे म्हटल्यावर वरच्यांच्या लेखी तो धोका सांभाळला गेला. हॉलंड यांना दूर करण्याचा जो निर्णय कार्यालयात व्हायला हवा होता, त्याचे ओझे एका माणसाने आपल्या अंगावर घेतले आणि कार्यालय मोकळे झाले.

त्यांनी पेलेरिन यांना ओलांडून थेट विंगप्रमुखांकडे जायला हवे होते का? माझे उत्तर 'होय' असे आहे. मात्र हे मी घरी बसून, शेवट माहीत असताना लिहितो आहे. वरिष्ठाला ओलांडून जाण्याची किंमत काय असते, हे आपल्याला माझ्याहून अधिक ठाऊक असेल. त्यामुळे दोष मी त्यांच्याकडे देत नाही. ज्यांच्याकडे ते योग्य मार्गाने गेले होते आणि ज्यांनी ऐकून परत पाठवले, त्यांच्याकडे देतो.

प्रश्न : बोइंगच्या टेक्स जॉन्स्टन यांनी प्रवासी जेट विमान हवेत उलटे फिरवून दाखवले होते आणि त्याचे आजही कौतुक होते. मग एकाला शाबासकी आणि दुसऱ्याला दूषण, हे न्याय्य आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ऑगस्ट १९५५ मध्ये सिएटलजवळच्या लेक वॉशिंग्टनवर बोटींच्या शर्यतींसाठी जमलेल्या प्रचंड गर्दीसमोर जॉन्स्टन यांनी बोइंगच्या 'डॅश-८०' या नमुना विमानाची दोनदा 'बॅरल रोल' केली. म्हणजे विमान पुढे जात असतानाच स्वतःभोवती पूर्ण फिरवले. ही कसरत नीट केली तर पंखांवरचा भार सरळ उड्डाणाइतकाच राहतो आणि जॉन्स्टन हे गणित पक्के जाणणारे चाचणी वैमानिक होते. हॉलंड यांच्या वळणात भार वाढत होता आणि वेग घटत होता. दोन्ही प्रकारांतला तांत्रिक फरक एवढा आहे.

तरीही जॉन्स्टन यांचे ते कृत्य मला कौतुकास्पद वाटत नाही. ज्यावर कंपनीचे भवितव्य अवलंबून होते असे त्या जातीचे एकमेव विमान त्यांनी परवानगीवाचून लोकांच्या डोक्यांवर पणाला लावले. अध्यक्ष बिल ॲलन यांनी त्यांना बोलावून जाब विचारला आणि पुन्हा असे करू नये असे सांगितले. जॉन्स्टन यांनी पुन्हा केले नाही. आपण विचारलेल्या न्यायाचे उत्तर मला येथे दिसते. तेथे थांबवणारा माणूस होता आणि त्याचे ऐकले गेले.

प्रश्न : संजय गांधी यांचा अपघातही असाच होता का? आणि आपल्या हवाई दलाच्या 'सूर्यकिरण' पथकाच्या कसरतींना बेदरकारपणा म्हणायचे का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : संजय गांधी २३ जून १९८० रोजी दिल्लीच्या सफदरजंग विमानतळावरून 'पिट्स एस-२ए' या कसरतींसाठीच बनवलेल्या छोट्या विमानातून उडाले आणि कमी उंचीवर कसरत करताना विमान कोसळून त्यांचा व त्यांच्याबरोबरच्या कॅप्टन सुभाष सक्सेना यांचा मृत्यू झाला. विमान कसरतीचे असले, तरी चुकल्यास सावरण्यासाठी लागणारी उंची त्याच्याखाली नव्हती. हे साम्य खरे आहे.

सूर्यकिरण पथकाला मात्र या पंक्तीत बसवू नये. कोणती कसरत कोणत्या उंचीला, कोणत्या वेगाने आणि कोणत्या क्रमाने करायची, हे तेथे आधी ठरते. ती आधी उंचावर अनेकदा केली जाते, मगच हळूहळू खाली आणली जाते आणि प्रत्येक उड्डाणानंतर तिची चिकित्सा होते. तरीही धोका शून्य होत नाही. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी बेंगळुरूजवळ येलहंका येथे 'एअरो इंडिया'च्या तालमीत या पथकाची दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि विंग कमांडर साहिल गांधी यांना प्राण गमवावे लागले. ती दुर्घटना शिस्तीत केलेल्या अवघड कामातली होती. तिच्यातील वैमानिकांना 'धाडसाच्या नादापायी गेले' असे म्हणणे अन्यायाचे होईल. काही पत्रांत तसे शब्द आले होते, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

फेअरचाइल्डपासून तेथील हवाई दलाने तरी धडा घेतला का, असे याच वाचकांनी पुढे विचारले आहे. नियम कडक झाले, प्रशिक्षणात हे प्रकरण शिकवले जाऊ लागले. पण २८ जुलै २०१० रोजी अलास्कातील एल्मेंडॉर्फ तळावर हवाई प्रदर्शनाच्याच तालमीत सी-१७ हे मोठे मालवाहू विमान उड्डाणानंतर लगेच तीव्र वळणात स्टॉल होऊन पडले आणि पुन्हा चौघे गेले. स्टॉलचा इशारा वाजत असताना वळण चालूच ठेवल्याचे आणि त्या वैमानिकाच्या आक्रमक पद्धतीकडे वरिष्ठांचे पुरेसे लक्ष नसल्याचे चौकशीत निघाले. सोळा वर्षांत विमान बदलले, माणसे बदलली. पाहूनही न थांबवण्याची सवय तशीच राहिली.

प्रश्न : माझा मुलगा गोंदियाकडे विमान चालवायला शिकतो. सुटीत घरी आला तेव्हा त्याने मोठ्या कौतुकाने सांगितले की एका प्रशिक्षकाने त्याला बरोबर घेऊन नदीवरून 'अगदी पाण्याला लागून' विमान नेले. मला ते ऐकून झोप लागली नाही. तक्रार केली तर मुलाचे शिक्षण अडेल, अशी भीती वाटते. काय करावे? (एक आई, कोल्हापूर)

उत्तर : ताई, आपली काळजी रास्त आहे. प्रथम नियम सांगतो, म्हणजे मुलाशी बोलताना आधार राहील. उतरणे आणि उड्डाण घेणे सोडले, तर दाट वस्तीवरून जाताना विमान सभोवतीच्या ६०० मीटरांतील सर्वांत उंच अडथळ्याच्या किमान १,००० फूट वर असले पाहिजे आणि इतरत्र जमिनीपासून किंवा पाण्यापासून किमान ५०० फूट. 'पाण्याला लागून' हे या नियमात कोठेच बसत नाही. नदीवर आणखी एक धोका असतो. एका काठावरून दुसऱ्या काठावर गेलेल्या विजेच्या तारा वरून दिसत नाहीत; दिसतात तेव्हा फार उशीर झालेला असतो.

मुलाला रागावू नये. त्या वयात असा प्रशिक्षक देवासारखा वाटतो आणि मुलाने आपल्याला विश्वासाने सांगितले आहे. रागावल्यास पुढच्या वेळी तो सांगणार नाही. त्याला एवढेच विचारावे की त्या उंचीवर इंजिन बंद पडले असते तर विमान कोठे उतरवायचे, हे त्या प्रशिक्षकाने उड्डाणापूर्वी सांगितले होते का. उत्तर त्याचे त्यालाच कळेल. पुन्हा तसा प्रसंग आला तर 'सर, मला हे नको आहे, वर घ्या' असे स्पष्ट शब्दांत म्हणण्याचा शिकाऊ वैमानिकालाही पूर्ण हक्क आहे. हे वाक्य त्याने घरी मोठ्याने म्हणून पाहिले तरी चालेल, कारण ऐन वेळी शब्द सुचत नाहीत.

तक्रारीविषयी. उड्डाणाचा दिवस, वेळ, विमानाच्या अंगावरचा नोंदणी क्रमांक, ठिकाण आणि अंदाजे उंची मुलाने आजच वहीत लिहून ठेवावी. आठवडाभराने तपशील पुसट होतात. त्याच्या आधारे संस्थेच्या मुख्य उड्डाण प्रशिक्षकांना पत्र द्यावे. त्यात प्रशिक्षकाच्या स्वभावाविषयी काही लिहू नये, फक्त काय घडले ते लिहावे. नाव पुढे येण्याची भीती असेल तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे सुरक्षेविषयीची माहिती स्वेच्छेने आणि गोपनीयपणे कळवण्याची सोय आहे. तिचा उपयोग मुलगा स्वतः करू शकतो. संस्थेत कोणी 'मी बोलतो त्यांच्याशी' एवढेच म्हणून आपल्याला परत पाठवू लागले, तर तेवढ्यावर परतू नये. पत्र आवक नोंदवहीत चढवून घ्यावे आणि आपल्या प्रतीवर तारीख व शिक्क्यासह पोच घ्यावी.